वाचकांचे प्रश्न : शिशाच्या पत्र्यातली चांदी

प्रश्न : इंग्लंडमधल्या शेतात मेटल डिटेक्टर फिरवताना अँग्लो-सॅक्सन काळातली (साधारण पाचव्या ते अकराव्या शतकातली) चांदीची नाणी एकापाठोपाठ एक निघू लागली, तर आधी काय करायचं?

हात थांबवायचा. दोन-चार नाणी नांगरामुळे वर आलेली असतात, पण खाली गठ्ठा जसाच्या तसा असू शकतो. तो कसा रचला होता, पिशवीत होता की पत्र्यात, वरची नाणी कोणती आणि तळातली कोणती, हे एकदाच पाहता येतं. जागेची ग्रिड नोंद, म्हणजे नकाशावरच्या चौकोनांनुसार जागा सांगणारे आकडे, घ्या. सहा आकड्यांच्या नोंदीत 100 मीटरचा चौकोन येतो आणि तो निरुपयोगी ठरतो. दहा आकड्यांची नोंद 1 मीटरपर्यंत नेते. खड्ड्याचे फोटो काढा, बाजूला मोजपट्टी ठेवा. मग शेतमालकाला आणि त्या भागाच्या फाइंड्स लायझन ऑफिसरला, म्हणजे सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याला, कळवा. वर आलेली नाणी मातीसकट वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. एकमेकांना चिकटलेली नाणी सोडवू नका.

300 वर्षांहून जुनी, किमान 10 टक्के सोनं किंवा चांदी असलेली दोन नाणी एकत्र सापडली, तरी 1996 च्या कायद्यानुसार ती ‘ट्रेझर’, म्हणजे कायद्याच्या अर्थाने गुप्तधन, ठरतात. मग 14 दिवसांत कॉरोनरला (अशा शोधांची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याला) कळवावं लागतं. हा कायदा इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडपुरता आहे. स्कॉटलंडचे नियम वेगळे आणि जास्त कडक आहेत.

प्रश्न : नाणं काळं पडलं असेल तर लिंबू किंवा टूथपेस्टने हलकेच घासलं तर काय बिघडतं?

बरंच. दिसायला चांदी शाबूत असली तरी जमिनीतल्या क्षारांनी पृष्ठभागाचं सिल्व्हर क्लोराइड झालेलं असतं आणि मिश्रधातूतलं तांबं झिरपून गेलेलं असतं. आतून धातू ठिसूळ होतो. पेनी, म्हणजे त्या काळचं चांदीचं नाणं, जेमतेम 20 मिलीमीटरची, वजन साधारण 1 ते 1.7 ग्रॅम. वाकलेली असेल आणि बोटांनी सरळ करायला गेलात, तर मधोमध तुटते. ब्रशने आधी जातात ती नेमकी कडेची अक्षरं. शिवाय नाण्याला चिकटलेला कापडाचा धागा किंवा शिशाचा कण हाही पुरावाच असतो. बकिंगहॅमशायरमधल्या लेनबरोच्या साठ्यातली 5,200 हून अधिक नाणी चांगल्या स्थितीत राहिली, कारण ती शिशाच्या पत्र्यात गुंडाळलेली होती.

प्रश्न : पेनी कोणाची, कुठली, हे कसं ओळखायचं?

एका बाजूला राजाचं नाव, बहुधा चेहराही. खरी गंमत दुसऱ्या बाजूला. साधारण 973 मध्ये राजा एडगरने नाणी सुधारली. तेव्हापासून प्रत्येक पेनीवर नाणं पाडणाऱ्या टंककाचं नाव, मग ‘ऑन’, मग गाव असं ठरून गेलं : ‘ऑन लुंड’ म्हणजे लंडन. वजन कमी भरलं तर कोणाला धरायचं, हे नाण्यावरच लिहिलेलं! त्याआधीच्या राजा अ‍ॅथेलस्टनच्या कायद्यात लबाड टंककाचा हात तोडून टांकसाळीवर लावायची शिक्षा होती, म्हणजे ही काळजी जुनीच. वाचताना नवखे एका अक्षरावर हमखास अडतात. रोमन ‘पी’सारखं दिसणारं ते चिन्ह ‘व’ असतं, त्यामुळे ‘वुल्फस्टन’ हा ‘पुल्फस्टन’ दिसतो. अर्धी किंवा पाव पेनी म्हणजे मोडलेलं नाणं नव्हे. मागच्या बाजूच्या क्रुसाच्या रेषेवर कापून सुटे पैसे करत.

प्रश्न : नाणी कधी पुरली हे कसं कळतं? नाण्यांवर वर्ष तर नसतं.

साठ्यातलं सर्वांत नवं नाणं पाहायचं. पुरणं त्याच्या आधीचं असूच शकत नाही. एडगरनंतर दर काही वर्षांनी नाण्यांचा नमुना बदलत असे, म्हणून कालखंड बराच अरुंद करता येतो. सॉमरसेटमधल्या च्यू व्हॅलीच्या साठ्यात हॅरल्ड दुसरा आणि त्याला हरवून राजा झालेला विल्यम पहिला या दोघांची नाणी होती. हॅरल्ड 1066 मध्ये जेमतेम नऊ महिने राजा होता. त्यात एका राजाचा दर्शनी ठसा आणि दुसऱ्याचा मागचा, अशीही नाणी निघाली. नव्या ठशाचे पैसे वाचवायला टंककाने जुनाच वापरला, असा त्याचा अर्थ लावतात.

पण अट एकच, साठा पूर्ण हवा. 2015 मध्ये दोन साठे निघाले, दोन्हींत नवव्या शतकातल्या दोन शेजारी राज्यांचे राजे, वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा केओलवुल्फ, यांची नाणी. ऑक्सफर्डशायरमधल्या वॉटलिंग्टनचा साठा तज्ज्ञांनी मातीच्या ढेकळासकट उचलला आणि आत काय आहे ते आधी एक्स-रेने पाहिलं. दोन्ही राजे एकाच नमुन्याची नाणी पाडत होते हे त्यातून ठळक झालं. अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तात ‘मूर्ख’ म्हणून उडवून लावलेला केओलवुल्फ आल्फ्रेडचा बरोबरीचा सहकारी दिसू लागला. हेरफर्डशायरमधला दुसरा साठा शोधणाऱ्यांनी लपवून विकायला काढला. त्यात सुमारे 300 नाणी असावीत. हाती आली अगदी थोडी. 2019 मध्ये दोषींना तुरुंगवास झाला, पण त्या साठ्यातली सर्वांत नवी पेनी कोणती होती हे आता कोण सांगणार?

प्रश्न : पैसे कोणाला मिळतात?

संग्रहालयाला साठा हवा असेल तर मूल्यांकन समिती बाजारभाव ठरवते. च्यू व्हॅलीचा 43 लाख पौंड ठरला. रक्कम बहुधा शोधणारा आणि जमीनमालक यांच्यात निम्मी-निम्मी होते. तोंडी कबुलीवर विसंबू नका, वाटणी शेतात पाऊल टाकण्याआधीच लेखी ठरवा. परवानगीशिवाय शोधलं असेल तर हिस्सा कमी होतो किंवा मिळतच नाही. कोणत्याच संग्रहालयाला साठा नको असेल, तर तो परत मिळतो.