आकडेवारी गोळा करून दुर्गम भागातले माता-बालमृत्यू खरंच कमी होतात का?

तुमचा प्रश्न असा, की गावोगावची आरोग्याची माहिती गोळा होते, त्याने बाळंतिणी आणि तान्ही मुलं वाचतात का, की नुसते रकाने भरले जातात?

मी पूर्व विदर्भातल्या एका तालुक्यात अकरा वर्षं हीच आकडेवारी सांभाळली. रकाने भरले जातात, हे कबूल. पण जीवही वाचतात, फक्त मोजणाऱ्याच्या हाती काहीतरी करण्याची सोय हवी.

आधी सरासरीचं बघा. केंद्र सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीप्रमाणे २०१८-२० मध्ये महाराष्ट्रात लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू होते, देशात ९७. केरळनंतर आपलाच नंबर. पण या ३३ मध्ये पुणं आणि गडचिरोलीतलं दुर्गम भामरागड एकाच पातेल्यात शिजतात. शिवाय मातामृत्यूचा हा दर राज्यापर्यंतच मिळतो. जिल्ह्याला आपलं आपण मोजावं लागतं.

आणि खाली उतरलं की वेगळीच पंचाईत. समजा तालुक्यात वर्षाला दीड हजार बाळंतपणं झाली. एक बाई दगावली तर दर ६७, दोन दगावल्या तर १३३, पुढच्या वर्षी शून्य. एवढ्याशा संख्येवर दर काढून तालुक्यांची क्रमवारी लावणं म्हणजे मटका. तरी आढावा बैठकीत शून्यवाल्याचं कौतुक व्हायचं आणि दोनवाल्याला सर्वांसमोर झापलं जायचं. मग काय, मृत्यू कागदावर आटले. एका बाळाची नोंद 'उपजत मृत' अशी आली होती. गावच्या आरोग्यसेविका म्हणजे आशाताईंबरोबर त्या घरी गेलो, तर आजी म्हणाली, "रडलं होतं की, दोनदा." म्हणजे जिवंत जन्मलं होतं. पण उपजत मृत लिहिलं की ते बालमृत्यूत धरलं जात नाही.

याच्या उलट उदाहरण गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच लोकांकडून जन्म-मृत्यू मोजून घेतले आणि उपचारही गावातल्यांच्याच हाती दिले. निरक्षर दायांसाठी मण्यांचं साधन केलं, सोबत मिनिटाचं वाळूचं घड्याळ. बाळाच्या दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला तर न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचं. पुढे ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी सुरू झाली. तिसऱ्या वर्षी तिथे हजार जन्मांमागे नवजात मृत्यू २५.५ होते, तुलनेसाठी घेतलेल्या गावांत ५९.६. हे १९९९ मध्ये छापून आलं. २०११ पासून देशभरातल्या आशा बाळंतिणीच्या घरी ठरावीक दिवशी जातात, त्याचं मूळ इथलं.

आमच्याकडे एवढं मोठं काही झालं नाही. भिंतीवर तालुक्याचा नकाशा लावला आणि तीन वर्षांतल्या प्रत्येक मृत्यूला एक टाचणी टोचली. निम्म्याहून जास्त टाचण्या एकाच नाल्यापलीकडे होत्या, त्याही बहुतेक पावसाळ्यातल्या. नाला भरला की ॲम्ब्युलन्स अलीकडेच अडकायची. मग मे महिन्यातच पलीकडच्या गावांतल्या गरोदर बायांची यादी बाळंतपणाच्या अंदाजे तारखेप्रमाणे लावली आणि त्यांना आठवडाभर आधी दवाखान्याजवळच्या माहेरघरात, म्हणजे बाळंतपणाआधी राहायच्या सरकारी खोलीत, आणायचं ठरवलं. पहिल्या वर्षी कोणी येईना. थोरलं पोर कुणाकडे ठेवायचं, हा त्यांचा सवाल होता आणि आमच्या कुठल्याच रकान्यात तो नव्हता. पोर आणि सासू दोघांना घेऊन ये म्हटल्यावर यायला लागल्या.

एक भोक मात्र आम्हाला शेवटपर्यंत बुजवता आलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी. सासरची आशा म्हणते ती गेली, माहेरची म्हणते माझ्या यादीत नाही. वीटभट्टीवर गेलेल्यांचंही तेच.

तुम्हाला तुमच्या तालुक्याचे आकडे मिळाले, तर दर बाजूला ठेवा. उपजत मृत किती आणि जन्मल्यावर पहिल्याच दिवशी गेलेली बाळं किती, एवढंच शेजारी-शेजारी मांडून बघा. पहिला आकडा फुगलेला आणि दुसरा जवळजवळ शून्य दिसला, तर त्या गावांत जाऊन एखाद्या आजीला विचारा.