“उदास गाणी बंद करायला सांगा ना तिला”

“मॅडम, रात्र रात्र तेच एक रडकं गाणं लावून बसते. आधी ते बंद करायला सांगा.” चोवीस वर्षांच्या मुलीला घेऊन आलेल्या आईंचं हे पहिलं वाक्य. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगी पुण्यात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करत होती. मुख्य परीक्षेत थोडक्यात हुकली आणि सामान बांधून गावी परतली.

ही काळजी घेऊन येणारे पालक पुष्कळ. गाण्यामुळे मन खचतं, असं त्यांना वाटतं. बहुतेकदा क्रम उलटा असतो. मन आधी खचलेलं असतं आणि आपल्याशी जुळणारं गाणं ते शोधून काढतं. आपलं दुःख कुणीतरी आधीच शब्दांत मांडून ठेवलंय हे कळलं, की एकटेपणा जरा सैल होतो. म्हणून ते गाणं हिसकावून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आईंना बाहेर बसायला सांगून मी तिला विचारलं, “कुठली ओळ पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकतेस?” गाणं होतं ‘उंबरठा’मधलं (१९८२) ‘सुन्या सुन्या मैफिलीत माझ्या’. शब्द सुरेश भटांचे, चाल हृदयनाथांची, आवाज लताबाईंचा. तिने ओळ सांगितली: ‘अजूनही वाटते मला की अजूनही चांदरात आहे.’ मैफल सुनी आहे हे ते गाणं लपवत नाही, आणि चांदण्याची आसही सोडत नाही.

“घरात सगळे म्हणतात, होईल गं पुढच्या वेळी. ते खोटं वाटतं. हे खरं वाटतं,” ती म्हणाली. तिला धीर हवाच होता. पण आधी तिचा अंधार कुणीतरी मान्य करायला हवा होता.

मात्र गाणं संपल्यावर काय होतं, हेही पाहावं लागतं. रडून हलकं वाटतं आणि झोप लागते, की तेच ते विचार घोळत राहतात? तिचं दुसरं होतं. झोप उडालेली, जेवण निम्म्यावर आलेलं, मैत्रिणींचे फोन घेणं बंद, आणि हे सगळं दोन आठवड्यांहून जास्त चाललेलं. अशा वेळी गाण्यावर वाद घालत बसू नये. नैराश्य आहे का, याची तपासणी करून घ्यावी. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का, हेही मी सरळ विचारलं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. “आपण नसावंच असं वाटतं कधी कधी,” ती हळूच म्हणाली. तिच्या संमतीने आईंना आत बोलावलं आणि दुसऱ्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांची भेट ठरवली. तोवर तिला एकटीला ठेवू नका, असं आईंना बजावलं. पुढे औषधं आणि समुपदेशन दोन्ही सुरू झालं.

गाणं राहिलं, फक्त मध्यरात्रीऐवजी संध्याकाळी. आईंनी शेजारी बसून ऐकायचं, सल्ला द्यायचा नाही. हे त्यांना फार जड गेलं; पहिल्या दिवशी लेकीच्या आधी त्याच रडल्या.

तुमच्या घरात असं कुणी असेल आणि जवळ तज्ज्ञ नसेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास सुरू असतो. मराठीतही बोलता येतं.