गिअरबॉक्सखाली तेल? आधी वास घ्या

लगेच गिअरबॉक्स उतरवायला देऊ नका. तेल बोटावर घ्या: गंधकासारखा उग्र वास आला तर गिअर ऑइल, काळं आणि जळकट असेल तर इंजिनचं. मग डीग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रावणाने) गिअरबॉक्सचं बाहेरचं केसिंग स्वच्छ पुसा, वीसेक किलोमीटर फिरवा आणि गाडी जॅक स्टँडवर (पक्क्या टेकूंवर) घेऊन (नुसत्या जॅकवर खाली शिरू नका!) सगळ्यात वरची ओली जागा शोधा. तेल वाऱ्याने मागे पसरतं, म्हणून थेंब पडतो तिथेच लीक असेल असं नाही. ड्राइव्ह शाफ्टच्या (चाकं फिरवणाऱ्या दांड्याच्या) मुळाशी ओल दिसली तर ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी; ड्रेन प्लगपाशी असेल तर बहुधा वॉशर, किरकोळ काम. बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या, क्लचभोवतीच्या आवरणाच्या) तळाशी असेल तर मात्र इनपुट शाफ्टचं (इंजिनकडून गिअरबॉक्समध्ये येणाऱ्या दांड्याचं) किंवा इंजिनचं मागचं सील, म्हणजे गिअरबॉक्स उतरणारच. नवं सील बसवण्याआधी ब्रीदर (गिअरबॉक्समधली हवा बाहेर सोडणारं छोटं तोंड) बघा; तो चिखलाने तुंबला की आत दाब वाढून चांगलं सीलही गळतं.