ट्रॉन बघून आली आणि म्हणते इंजिनीअरिंग नको

भांडुपहून एका ताईंनी लिहिलंय. मुलगी बारावी सायन्सला, मॅथ्समध्ये बरी, पण ऑक्टोबरात मैत्रिणींबरोबर 'ट्रॉन: एरिस' बघून आली तेव्हापासून जेईईच्या क्लासचं नाव काढत नाही, म्हणते अंधेरीतल्या एका इन्स्टिट्यूटमध्ये एआय व्हीएफएक्सचा, म्हणजे पिक्चरमधली कॉम्प्युटरने केलेली दृश्यं बनवण्याचा, डिप्लोमा करते, फी साडेतीन लाख, शंभर टक्के प्लेसमेंट. बाबा म्हणतात पिक्चर बघून कोणी करिअर ठरवतं का.

ताई, आधी बाबांना सांगा, ठरवतात, सर्रास ठरवतात, या लाइनमधली निम्मी पोरं कुठलातरी पिक्चर बघूनच आलीयत. पण लेकीला एक विचारा, ओरडून नको, चहा घेताना सहज, की त्या पिक्चरमधलं नेमकं काय डोक्यात बसलंय. त्यात एका एआय प्रोग्रामला लेझरने खऱ्या जगात आणतात, दिसायला हाडामासाचा सैनिक, पण 29 मिनिटं झाली की त्याचा भुगा होतो आणि मग त्याला कायमचा टिकवणाऱ्या कोडसाठी सगळी मारामारी. तर हा एरिस विचार कसा करतो यात तिला रस असेल तर ती वाट कॉम्प्युटर सायन्सची, आणि ती लाल रेघ सोडत शहरातून सुसाट जाणारी बाइक पडद्यावर आणली कशी याने झोप उडाली असेल तर व्हीएफएक्सची. मॅथ्स दोन्हीकडे लागतं. पत्रातलं मला सगळ्यात खटकलं ते तिचं हेच वाक्य, 'एआय आलाय, आता मॅथ्स कशाला'.

पहिला ट्रॉन 1982 चा. त्याचं काम करणाऱ्या मॅजी नावाच्या कंपनीत केन पर्लिन नावाचा एक तरुण होता, कॉलेजात शिकलेला गणित. कॉम्प्युटरने काढलेलं सगळं फारच गुळगुळीत, मशीनने केल्यासारखं दिसतं म्हणून वैतागला, आणि पुढे त्याने एक फंक्शन लिहिलं. एक जाळी घ्यायची, तिच्या प्रत्येक कोपऱ्याला एक रँडम दिशा द्यायची, कोपऱ्यापासून मधल्या बिंदूपर्यंत जाणाऱ्या बाणाचा त्या दिशेशी डॉट प्रॉडक्ट काढायचा आणि आलेली उत्तरं हळूहळू एकमेकांत मिसळायची, बस. त्यातून ढग निघतात, संगमरवर निघतो, आग, धूर, डोंगर, आणि आजही बहुतेक सॉफ्टवेअर्स ते वापरतात, पर्लिन नॉइज म्हणतात. 1997 ला ऑस्करवाल्या अकादमीने त्याला टेक्निकल अवॉर्ड दिलं. आता हा डॉट प्रॉडक्ट कुठला तर लेकीच्या बारावीच्या पुस्तकातल्या व्हेक्टर्सच्या धड्यातला, जो ती बहुतेक ऑप्शनला टाकणार आहे.

आता नोकरीचं. मुंबईत काम आहे, डीनेग या व्हीएफएक्स कंपनीचं इथे मोठं बस्तान आहे, आणि एरिसचं व्हीएफएक्स ज्यांनी मुख्यतः केलं त्या आयएलएम कंपनीनेही 2022 मध्ये इथे स्टुडिओ काढला. पण नवीन पोरांचं आत शिरायचं दार बहुतेक वेळा रोटोचं असायचं. रोटो म्हणजे काय तर शॉटमधल्या माणसाच्या कडेने पॉइंट टाकत त्याला मागच्या सीनपासून वेगळा करायचा, केसांची बट उडतेय तर तीही, आणि हे प्रत्येक फ्रेमला, सेकंदाला 24 धरल्या तर पाच सेकंदांचा शॉट म्हणजे 120 फ्रेम. खऱ्या जगात एआय आला तो इथे, बाइकवर बसून वगैरे नाही, शॉटचे तुकडे जोडायच्या न्यूक सॉफ्टवेअरमध्ये 2021 ला कॉपीकॅट नावाचं एक टूल म्हणून, तुम्ही थोड्या फ्रेम करून द्या, ते त्यावरून शिकतं आणि बाकीच्या करून देतं. आणि तुम्ही पाठवलेल्या ब्रोशरमध्ये पहिले सहा महिने काय, तर तेच रोटो आणि पेंट, म्हणजे फ्रेममधलं नको ते पुसायचं! वर नाव एआय व्हीएफएक्स!

बाजारही लहरी आहे हे माहीत असू द्या. 2025 च्या फेब्रुवारीत टेक्निकलर ही व्हीएफएक्सची मोठी कंपनी बंद पडली, भारतातली हजारो माणसं एका झटक्यात घरी बसली, आणि त्यात एआयचा हात नव्हता, पैशाची ओढाताण आणि 2023 च्या हॉलिवूडच्या संपानंतर आटलेली कामं.

म्हणून माझं मत, बारावी नीट होऊ दे, जेईई नको तर नको, पण सीईटी सोडू नका. डिझाइनकडेच जायचं असेल तर यूसीड ही डिझाइनची प्रवेश परीक्षा द्या, आयआयटी बॉम्बे घेते, जानेवारीत असते, कुठल्याही स्ट्रीमला चालते आणि त्यांच्याच पवईच्या आयडीसी या डिझाइन स्कूलमध्ये बी.डेसला, म्हणजे डिझाइनच्या डिग्रीला, जेईई लागत नाही, तुम्हाला तर भांडुपहून हाकेच्या अंतरावर. यंदाचा फॉर्म हुकला असेल तर लागोपाठच्या वर्षी देता येते.

आणि तोवर तिला एक काम द्या. ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर फुकट आहे, हूडिनी या तसल्याच सॉफ्टवेअरचंही शिकायचं व्हर्जन फुकट मिळतं. एरिसचा भुगा होतो तसा घरातल्या चहाच्या कपाचा भुगा करून दाखव म्हणावं, नॉइज टेक्स्चर वापरून, ट्युटोरियल बघून केला तरी चालेल पण नंतर त्यातला कुठला आकडा बदलला की काय होतं हे बाबांना समजावून सांगायचं. रात्री दोनपर्यंत जागून करत बसली तर मला परत लिहा, आपण पुढचं बोलू. तिसऱ्या दिवशी कंटाळली तरी लिहा, साडेतीन लाख वाचले.

बाकी ते 'शनिवारच्या आत भरलं तर चाळीस हजार सूट' चाललंय ना, तिथे फोन करून फक्त गेल्या बॅचमधल्या दोन मुलांचे नंबर मागा, आज कुठे आहेत, काय काम करतात, पगार किती ते त्यांच्याच तोंडून ऐका. नंबर येईपर्यंत चेकबुक कपाटात.