साखर आटोक्यात आहे, मग बीपी-कोलेस्टेरॉलच्या गोळ्या कशाला?

वडिलांना टाइप २ मधुमेह आहे आणि त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ६.८ आली. छातीत कधी दुखलं नाही. तरी डॉक्टरांनी स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, आणि बीपीची गोळी लिहून दिली, ती टाळता येईल का, असं तुम्ही विचारलंय. स्वतःच्या मनाने अजिबात टाळू नका.

रक्तवाहिनीला आतून पेशींचं एकपदरी अस्तर असतं, एंडोथेलियम. ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करतं. त्यामुळे वाहिनी गरजेप्रमाणे सैल होते आणि प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणारे कण, भिंतीला चिकटत नाहीत. (या वायूच्या कामाचा उलगडा करणाऱ्या तिघांना १९९८ चं नोबेल मिळालं.) वाढलेली साखर आणि इन्सुलिनला दाद न देणारं शरीर, दोन्हींमुळे हा वायू कमी पडतो. वाहिनी आखडते, अस्तराला सूज येते, एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, भिंतीत शिरून साचायला लागतं. टाइप २ मधुमेहात हे सगळं निदानाच्या कितीतरी आधीच सुरू झालेलं असतं. आजचा ६.८ चांगलाच आहे, पण मागचं नुकसान त्याने पुसलं जात नाही.

नुसती साखर खाली रेटूनही हृदय वाचत नाही. अमेरिकेतल्या ‘अकॉर्ड’ अभ्यासात एचबीएवनसी ६ च्या खाली आणायचा प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू वाढले आणि २००८ मध्ये तो कडक उपचार थांबवावा लागला. उलट ब्रिटनच्या ‘यूकेपीडीएस’मध्ये बीपी नीट सांभाळल्यावर पक्षाघात आणि मधुमेहाशी निगडित मृत्यू, दोन्ही कमी झाले. म्हणून त्या दोन गोळ्यांना मी साखरेच्या गोळीइतकंच महत्त्व देतो.

आता ‘छातीत दुखत नाही’ याबद्दल. मला सगळ्यात जास्त काळजी या वाक्याची वाटते. मधुमेहात हृदयाकडच्या नसाही बधिर होऊ शकतात, मग झटका येऊनही कळ जाणवत नाही. अचानक दम लागणं, दरदरून घाम, मळमळ, कारण नसताना गळून जाणं, यातलं काही झालं तर ‘पित्त असेल’ म्हणत घरी थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा.

पुढच्या भेटीत लघवीतल्या अल्ब्युमिनची (एक प्रथिन) तपासणी झाली आहे का, हे विचारा. अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ३० मिलिग्रॅम/ग्रॅमच्या वर राहत असेल तर मूत्रपिंडाबरोबर हृदयाचाही धोका वाढलेला असतो. तसं असेल, तर एम्पाग्लिफ्लोझिनच्या गटातलं (जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकणारं) औषध वडिलांना चालेल का, तेही विचारून घ्या. आणि तंबाखू कुठल्याही रूपात असेल तर ती आजच बंद.