मोठ्याच्या तळहातावर फोड, धाकटीला ताप

पावसाळा लागला की ओल्या बाळंतिणींचे फोन सुरू होतात. “ताई, मोठ्याला हात-पाय-तोंडाचा तो आजार झालाय. घरात तान्हं बाळ आहे. अंगावरचं बंद करू का?” बोलता बोलता पुढचा प्रश्नही येतोच. बाळाला काही झालं तर ते माझ्यामुळेच ना?

शुभदाची (नाव बदललं आहे) लेक नऊ दिवसांची असताना आमच्या एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आली. ताप होता, सारखी झोपेत होती, छातीला लावली तरी ओढत नव्हती. मोठा मुलगा चार वर्षांचा. त्याच्या प्लेग्रुपात साथ होती. आधी तोंड आलं, मग तळहात आणि तळपायांवर फोड उठले. सासूबाई म्हणाल्या कांजिण्या आहेत, आणि घरात कडुनिंबाचा पाला आला. फोड उठायच्या आदल्या दिवशी त्याने बहिणीची पापी घेतली होती.

शुभदा माझ्यासमोर बसली तेव्हा तिचे दोन्ही तळहात भेगाळलेले होते. दर दहा मिनिटांनी सॅनिटायझर. दूध पाजणं तिने स्वतःहूनच थांबवलं होतं. छाती दगडासारखी झाली होती, गाठी आल्या होत्या. कुणाला बोलली नव्हती. आपल्या दुधातूनच विष गेलं असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

अशा वेळी “तुझा काही दोष नाही गं” असं मी लगेच म्हणत नाही. ऐकणारीला ते खोटं वाटतं आणि ती आणखी मिटते. मी तिला क्रमाने सगळं सांगायला लावलं. कोण कधी आजारी पडलं, बाळाला कुणी कुणी घेतलं. त्यात कळलं की आजोबांचा घसा आठवडाभर धरलेला होता आणि तिचं स्वतःचंही अंग दोन दिवस मोडून आलं होतं. हात-पाय-तोंडाचा आजार करणारे विषाणू, म्हणजे एन्टेरोव्हायरस, असेच घरभर फिरतात. मोठ्या माणसांना बहुतेकदा काहीच होत नाही, झालं तर सर्दीइतकंच. पुरळ दिसायच्या आधीपासून विषाणू लाळेतून आणि शौचातून बाहेर पडत असतो. म्हणजे पोराकडून आला असण्याचीच शक्यता जास्त, ते मी नाकारलं नाही. पण आला कुठून आणि दोष कुणाचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जे कुणाला दिसतच नव्हतं ते अडवणार कोण?

दुधाचं उत्तर मात्र सरळ होतं. आईच्या अंगात तयार झालेली, विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) दुधातून बाळाला मिळतात; पाजणं थांबवायचं नाही. बाळ ओढत नव्हतं तोवर सिस्टरने दूध काढायला शिकवलं आणि नळीतून दिलं. राहिला सॅनिटायझर. या विषाणूला वरचं तेलकट आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोल त्याच्यावर फारसं चालत नाही. साबण आणि वाहतं पाणी हवं. हे ऐकून ती कितीतरी दिवसांनी हसली. “म्हणजे हात फुकटच सोलले?”

नवऱ्याची भीती वेगळी होती. तपासणीसाठी बाळाच्या पाठीतलं पाणी काढायचं होतं. पाठीतलं पाणी काढलं की मूल लुळं पडतं, असं त्याला गावाकडून कुणीतरी सांगितलेलं. डॉक्टरांनी त्याला मणक्याचं चित्र काढून दाखवलं. मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली सुई जाते, आणि काढलेलं पाणी शरीर पुन्हा तयार करतं. मग त्याने सही केली. रात्री त्याने मोबाइलवर फ्रान्सची बातमी शोधून काढली. जुलै 2022 ते एप्रिल 2023 मध्ये तिथे इकोव्हायरस 11 ने (हाही एक एन्टेरोव्हायरसच) 9 नवजात बाळं गंभीर झाली, त्यातली 7 दगावली. बातमी खरी आहे. पण ती आजारातली सर्वांत गंभीर बाळं होती, आणि सगळी जन्मानंतरच्या पहिल्या सात दिवसांतच आजारी पडलेली. प्रसूतीच्या सुमारास आईला संसर्ग झाला तर बाळाला तिची प्रतिपिंडं मिळायला वेळच मिळत नाही. धोका तिथे जास्त. हृदयाचे स्नायू, यकृत, मेंदू, यांवर परिणाम होऊ शकतो.

शुभदाच्या लेकीचा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि यकृताच्या तपासण्या ठीक आल्या. पाठीतल्या पाण्यात एन्टेरोव्हायरस सापडला, रक्तात जंतू वाढले नाहीत, तेव्हा अँटिबायोटिक बंद केलं. ते सुरुवातीला देतातच, कारण तान्ह्या बाळाचा ताप जंतूंचा की विषाणूचा, हे वरून कळत नाही. विषाणूवर नेहमीच्या वापरातलं खास औषध नाही. सलाईन, ऊब, दूध आणि लक्ष. बाळ सावरलं. बहुतेक सावरतात.

मला खरी काळजी वाटत होती ती चार वर्षांच्या मुलाची. त्याला हडपसरला मावशीकडे पाठवलं होतं आणि आजी फोनवर म्हणाली होती, “बघ, पापी घेतलीस ना? आता बाळ दवाखान्यात.” तेव्हापासून तो कुणाला शिवेना, मावशीच्या मांडीवरही बसेना. मी आजींना एकटं बोलावलं. वाईट बाई नव्हत्या, घाबरलेल्या होत्या. म्हटलं, “आई, तुमचा शब्द तो देववाक्य मानतो. उलटवायचाही तुम्हालाच लागेल.” त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. “बाळाला ताप आला, तो तू आणला नाहीस. डॉक्टरकाका बघतायत. घरी आली की तिच्या पायाला हात लावायचा, आधी साबणाने धुवायचे.” तो म्हणाला, “दोन्ही हात?”

तुमच्या घरी आत्ता मोठं मूल आजारी असेल तर शक्य तेवढं वेगळं ठेवा, पापे घेणं बंद, टॉवेल-पेला वेगळा. त्याची शी धुतल्यावर आणि बाळाचं लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवा, आणि फोड सुकले तरी हे काही आठवडे चालू ठेवा. शौचातून विषाणू तेवढा काळ जात राहतो. बाळ महिन्याच्या आतलं असेल आणि काखेतला ताप 99.5 फॅरनहाइट किंवा वर गेला, अंग गार पडलं, दूध ओढेना, उठवून उठेना, तर घरी तापाचं औषध देऊन सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री निघा. बारसं पुढे ढकललं तरी चालतं.