डोळ्यांचं काही : बसवलेला कॉर्निया आणि जुने थेंब

प्रश्न : दीड वर्षापूर्वी आईला दुसऱ्याचा कॉर्निया (बुबुळावरचा पारदर्शक पडदा) बसवला. परवापासून डोळा लाल आहे, उजेड सोसत नाही, धूसर दिसतं. घरातले जुने स्टेरॉइडचे थेंब घालू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नको. आजच डॉक्टर गाठा, सोमवारची वाट बघू नका. शरीर परका कॉर्निया नाकारतंय अशी दाट शंका येते. स्लिट लॅम्पखाली (डोळा मोठा करून दाखवणारं तपासणीचं यंत्र) कॉर्नियाच्या आतल्या थरावर पांढऱ्या पेशींची बारीक रेघ दिसली, की आम्ही 1 टक्का प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे थेंब दर तासाला सुरू करतो, मग हळूहळू कमी करतो. लवकर आलात तर बरेचदा कॉर्निया वाचतो. पण सैल टाक्यापाशी जंतुसंसर्ग झाला तरी डोळा असाच लाल होतो. तिथे स्टेरॉइड म्हणजे आगीत तेल! डोळ्याचा दाबही त्याने वाढतो, तो तपासून घ्या. आणि बाटली फोडून महिना उलटला असेल तर ती फेकाच.